चघळणं म्हणजे खाणं का, विहीणबाई?

विहीणबाई, आधी कबूल करून टाकते. तुमच्या माघारी शीतल ही गोष्ट सगळ्यांना सांगत सुटली आहे आणि दर खेपेला त्यात नवा मसाला पडतो आहे. सांगलीच्या त्या दवाखान्यात सिझेरियन झालेल्या बायकांवर डॉक्टरांचा जो अभ्यास चालला होता, त्याचा विचका करणारी बाई मीच. ज्यांना च्युइंगम द्यायचं नव्हतं, नेमकं त्यांनाच मी दिलं. आणि गुपचूप दिलं असतं तर एक वेळ. "घ्या गं, तोंड गोड करा," म्हणत खाटाखाटांवरून फिरून दिलं.

तेव्हा मी काही परकरी पोर नव्हते. आजी व्हायच्या घाईत मेढ्याहून एस.टी.नं आलेली चांगली थोराड बाई होते. गावात बायकांची भिशी चालवायचे, बचत गटाच्या बैठकीत उठून चार शब्द बोलायचे. त्यामुळं जगातलं सगळं आपल्याला कळतं, असा एक आजार मला त्या काळात जडला होता. आज त्या बाईला लांबून बघते तेव्हा हसू येतं, आणि पदर ओढून तिला खाली बसवावंसंही वाटतं.

पण ती बसणारी नव्हती, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक.

शीतल तुमची थोरली लेक आणि माझी सून. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती तुमच्याकडं सांगलीला. पोर पोटात पायाळू, डोकं वर आणि पाय खाली, म्हणून डॉक्टरांनी सिझेरियनच ठरवलेलं. आदल्या दिवशी एक तरणी मुलगी खाटेपाशी आली. आपण दोघींनी तिचं नाव 'अभ्यासाची ताई' ठेवलं. ती म्हणाली, ऑपरेशननंतर आतडी सुस्तावतात, वारा सरायला वेळ लागतो, आणि तोवर बाळंतिणीला पोटभर जेवता येत नाही. नुसतं च्युइंगम चघळलं तर आतडी लवकर जागी होतात का, ते आम्ही बघतोय. काही जणींना ते द्यायचं, काहींना नाही. कुणाला द्यायचं ते डॉक्टर ठरवत नाहीत, बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवते. भाग घ्या किंवा घेऊ नका, उपचारात काही फरक पडणार नाही.

एवढं सगळं ती सावकाश, समजावून बोलली. मला त्यातलं ऐकू आलं फक्त 'चिठ्ठी'.

तुम्ही लगेच म्हणालात, "नगं. माझ्या लेकीवर प्रयोग नगंत."

"आवं विहीणबाई, चिठ्ठी हाय! निघाली तर निघाली, न्हाई तर न्हाई. आपलं काय जातंय?"

"चिठ्ठी काढाया ही काय तुमची भिशी हाय व्हय?"

"मग त्यात न् ह्यात फरक काय?"

त्या ताईनं आपल्या दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाली, "ज्यांचं पोट आहे, त्यांना विचारायचं का?"

शीतल तिथंच पडून होती. तिच्याच पोटावर आपण भांडत होतो आणि तिला विचारायचं दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. ती म्हणाली, "मला चालतंय. च्युइंगमच हाय न्हवं?" तुम्ही तोंड खिडकीकडं वळवलंत ते ताई जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मुक्ता झाली. शीतल शुद्धीवर आली, पाकीट फोडलं, आणि तिच्या वाट्याला च्युइंगम आलं. मी टाळी वाजवून ओरडले, "लागली!" शेजारच्या खाटेवरचं बाळ दचकून रडायला लागलं. तुम्ही कपाळाला हात लावलात.

त्याच संध्याकाळी आपला तो जन्माचा वाद सुरू झाला.

दिवेलागण झाली, च्युइंगमची वेळ झाली, आणि तुम्ही शीतलचा हात धरलात. तुमच्या जैन घरात सूर्य बुडाल्यावर कुणी अन्नाला हात लावत नाही. आमच्याकडं येऊन शीतल रात्री नऊला भाकरी खायला शिकली होती आणि ते तुमच्या काळजात सलत होतं. तुम्ही म्हणालात, "माहेरी हाय तवर पाळंल ती."

मी म्हणाले, "आवं, हे गिळायचं कुठं हाय? चघळायचं आन् थुकायचं. चघळणं म्हंजे खाणं व्हय?"

"तोंडात घातलं म्हंजे खाल्लं."

"मग दात घासता त्ये?"

शेवटी डॉक्टर फेरीला आले तेव्हा तुम्ही त्यांनाच गाठलंत. असा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नसेल. ते बिचारे म्हणाले, "हे चघळलं की पोटाला वाटतं जेवण येतंय, म्हणून ते कामाला लागतं."

"म्हंजे पोट फसतं."

"एका अर्थानं, हो."

"मग पोटाच्या लेखी ते खाणंच झालं की ओ."

डॉक्टरांनी शीतलकडं पाहिलं. मग म्हणाले, "त्यांनी संध्याकाळचं नाही चघळलं तरी चालेल. फक्त तसं आम्हाला सांगा, म्हणजे तसंच लिहून ठेवता येईल."

तुमचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, ते मला आज नीट आठवतंय. मी तेव्हा पाहिलं ते आपण हरलो की जिंकलो एवढंच. पण तुमच्या तोंडावर काहीतरी सैल झालं होतं. कालपासून 'प्रयोग नगंत' म्हणून आवळून धरलेलं. का सैल झालं, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. आज त्याचीच मला गरज पडली आहे, आणि तुम्ही अशा वेळी निघून गेलात.

शीतलनं मात्र तुमचा हात सोडवून च्युइंगम तोंडात टाकलं. म्हणाली, "पाप लागलं तर माझ्या पोटाला लागू दे. फसलंय ते फसलंय."

सकाळी मी माझा पराक्रम केला. आमच्या भिशीत रिवाज आहे, ज्या बाईची चिठ्ठी निघते तिनं बाकीच्यांना चहा-भजी द्यायची. न देणारीला पुढं वर्षभर टोमणे खावे लागतात. शिवाय एका बाळंतिणीनं खायचं आणि दुसरीनं बघत पडायचं, हे कुठल्या गावात चालतं? पोरीला नजर लागंल. म्हणून मी संतोषला, माझ्या लेकाला, पानटपरीवर पिटाळलं आणि अख्खा डबा मागवला. वॉर्डात समोरासमोर खाटा. दोघीतिघींना च्युइंगम मिळालेलं, बाकीच्या नुसत्याच. त्या 'नुसत्याच' मला अगदी बघवेनात. मी म्हणाले, चिठ्ठी नाही लागली म्हणून काय झालं, आम्ही आहोत की!

तुम्ही तेव्हा तुमच्या देवळात, बस्तीत, दर्शनाला गेला होता, म्हणून वाचलात. की म्हणूनच फसलात? असतात तर मला हाताला धरून बसवलं असतंत.

समोरच्या खाटेवरची पोरगी लाजाळू होती, जेमतेम विशीची. तिनं घेतलं, चघळलं, आणि थुंकायला उठवेना म्हणून गिळून टाकलं. तिच्या आईनं विचारलं, "काय गिळलीस?" तिनं सांगितलं. त्या माउलीनं जी बोंब ठोकली! "आतडी चिकटली गं माझ्या लेकीची! आदीच फाडलंय, आता चिकटली!" सगळा वॉर्ड जागेवर उठून बसला. टाके पडलेल्या बायका हसताही येईना आणि रडताही येईना अशा पोट धरून कण्हू लागल्या. नर्स धावली. आणि सभेत चार शब्द बोलणारी ही बाई कुठं होती म्हणता? पाण्याच्या टाकीमागं. डबा पदराखाली.

तिथंच तुम्ही मला शोधून काढलंत.

"काय केलासा ह्ये?"

"वाटलं."

"कुणाकुणाला?"

"समद्यांस्नी."

तुम्ही हसाल असं वाटलं होतं. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "चला, सांगाया पायजे."

"कशाला? डाक्तर म्हणालं काय होत न्हाई गिळून. पोरगी बरी हाय. गप ऱ्हावा की."

"त्या पोरी त्यांच्या हिशोबात 'न्हाई दिलं' म्हणून लिहिल्यात. आता दिलंय. त्यांनी ते खरं धरून काय ठरवलं तर?"

"आवं, च्युइंगम हाय ते, विष न्हवं!"

तुम्ही वळलात. सरळ चालत गेलात आणि त्या अभ्यासाच्या ताईपुढं उभ्या राहिलात. मी टाकीमागून मान काढून बघत होते. ती ताई ऐकता ऐकता भिंतीला टेकली. बिचारीचे डोळे भरले होते. मग डोळे पुसून ती एकेका खाटेपाशी जाऊन विचारत फिरली, तुम्ही घेतलं का, तुम्ही किती वेळ चघळलं. आणि तुम्ही तिच्या मागून मागून फिरत होता.

मी तुमच्यावर रागावले ते रागावलेच. वर्षभर उघड, पुढं मनातल्या मनात. मुक्ताच्या बारशाला तुमच्याशी तुटक बोलले. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, विहीणबाईंनी मला पोलिसात दिल्यासारखं केलं. पण मागच्या महिन्यात, तुम्हाला पोचवून माणसं घरी परतत होती तेव्हा, शीतल रडता रडता तीच गोष्ट कुणाला तरी सांगत होती आणि म्हणाली, "आई त्या ताईला म्हणाली, 'च्युइंगमच्या गोळ्या आमी वाटल्या.'"

मी तिला थांबवलं. "काय म्हणाली?"

"'आमी वाटल्या' म्हणाली. मी पलंगावरनं ऐकत हुते न्हवं."

विहीणबाई, मी पण ऐकत होते. टाकीमागून ऐकत होते. मला 'वाटल्या' एवढंच ऐकू आलं. 'आमी' ऐकूच आलं नाही. बारा-तेरा वर्षं मी एका चहाडीचा राग धरला आणि ती चहाडी नव्हतीच. बस्तीत दर्शनाला गेलेली बाई म्हणते, आम्ही वाटल्या. आता हे कळल्यावर मी काय करायचं? तुमचे उपकार मानायचे, तर तुम्ही नाही. रागवायचं, तर कारण उरलं नाही. मधल्यामध्ये लटकले आहे.

आपले वाद काय कमी होते? मुक्ता पायाळू आहे की नाही, हाही मिटला नाही. आमच्या गावात पायाळू माणसानं कमरेत लाथ घातली की उसण जाते म्हणतात. मी म्हणायचे, घरात आयती औषधाची लाथ आली. तुम्ही म्हणायचात, "कापून काढली ती पायाळू न्हवं. पायाळू म्हंजे सवताच्या पायानं आलेली." मी म्हणायचे, पोटात पाय खाली होते ते काय खोटं? परवाच्या दिवाळीत माझी कंबर धरली तेव्हा मी मुक्ताकडून मुद्दाम लाथ खाल्ली. उसण गेली! मी तुम्हाला विजयानं फोन केला. तुम्ही शांतपणे विचारलंत, "गोळी घेतलासा का?"

घेतली होती.

"मग गोळीनं गेली का लाथंनं, ते कसं कळायचं?"

मी फोन आपटला. पण नंतर चुलीपुढं बसल्यावर मला ती अभ्यासाची ताई आठवली, भिंतीला टेकलेली. तिचंही हेच झालं असणार. मी वॉर्डभर लाथा आणि गोळ्या एकत्रच वाटून मोकळी झाले होते. हे माझ्या डोक्यात उजाडायला बारा वर्षं लागली. आणि उजाडलं ते सांगायला मी तुम्हाला परत फोन केला नाही, कारण तुम्ही जिंकला असतात.

च्युइंगमचा वाद तर तुमच्या शेवटच्या फोनपर्यंत चालला. मी म्हणाले होते, आमचे हे रात्री जेवणानंतर बडीशेप चघळतात, तुमच्या हिशोबानं ते दोनदा जेवतात. तुम्ही म्हणालात, "तुमच्या त्यांच्याकडं बघूनच कळतंय की." मी हसत सुटले. मग तुम्ही म्हणालात, "ठेवते आता. दिस बुडाला. बोलणं पण चघळणंच हाय." आणि ठेवलात. दोन-तीन दिवसांनी सकाळी बस्तीतून आलात, चटईवर टेकलात, आणि पाणी मागितलंत. व्याही पाणी घेऊन येईपर्यंत तुम्ही गेल्या होता. त्यांनी तो तांब्या अजून जागचा हलवू दिलेला नाही.

तुम्हीच मला एकदा सांगितलं होतं की तुमच्या धर्मात आत्मा रेंगाळत नाही, लगेच पुढच्या जन्माला जातो. मग मी लिहितेय कुणाला? तुम्ही तर आत्ता कुठल्या तरी बाईच्या पोटात असाल, शेंगदाण्याएवढ्या. तुमच्यामुळं तिला सकाळी उलट्या होत असतील. तिनं काही खाल्लं तरी तुम्हाला पटत नसेल. एखादी मांसाहारी आई मिळाली असेल तर तुमचं काय होत असेल, या विचारानं मला परवा हसू आलं. तिला सुखरूप सुटू द्या, एवढंच म्हणते. तुम्ही पायाळू होऊ नका म्हणजे झालं.

आता खरं सांगते, हे सगळं कशासाठी लिहायला बसले ते.

तुमच्या धाकटीचं, पल्लवीचं, पहिलं बाळंतपण आलं आहे. तुम्ही गेलात तेव्हा तिला सातवा सरत होता. शिरवळच्या कारखान्यात नोकरीला असलेला तिचा नवरा म्हणाला, तिकडंच करू. पण पोरगी हट्टाला पेटली, माहेरीच जाणार म्हणाली. माहेरात आता कोण? व्याही आणि तो तांब्या. म्हणून शीतलनं माझ्याकडं पाहिलं आणि मी पिशवी भरली. बहिणीच्या सासूनं बाळंतपण करायचं, असं आपल्या भागात कुणी ऐकलं नसेल. बायका विचारतात, "तुमी कोण लागता तिच्या?" मी सांगते, "विहिणीची बदली."

तिची वार, बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती, खाली आहे. म्हणजे ज्यावाटे मूल यायचं तीच वाट वारेनं अडवली आहे. त्यामुळं सिझेरियनच करायचं, आणि रक्तस्राव जास्त होण्याची भीती आहे. डॉक्टरीणबाईंनी न लपवता सांगितलं. मग म्हणाल्या, आमच्याकडं एक अभ्यास चालू आहे. ऑपरेशनच्या वेळी रक्त कमी जावं म्हणून एक जादा इंजेक्शन. नेहमीची सगळी औषधं सगळ्यांना मिळणारच. हे जादाचं मात्र काही बायकांना खरं औषध, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय गेलं ते बाईलाही माहीत नसतं आणि आम्हालाही नसतं.

मी म्हणाले, "तुमालाबी न्हाई?"

"नाही. माहीत असलं तर आम्हीच नकळत पक्षपात करू. विचार करा, तयार असाल तर सोमवारी येऊन सही करा."

विहीणबाई, मी बाहेर येऊन बाकड्यावर बसले ते उठलेच नाही. च्युइंगमला हो म्हणणं वेगळं होतं. ते तोंडात होतं, दिसत होतं, थुंकता येत होतं. हे रक्ताचं काम आहे. औषध मिळालं तर चांगलंच, पण नव्या औषधाचं काही उलटलं तर? पाणी मिळालं तर पोरगी आहे त्याच धोक्यात, पण त्याहून जास्त नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. ते खरं असेलही. मला ते डोक्यानं पटतं आणि पोटात पटत नाही. पोट फसत नाही या वेळेला.

पल्लवीनं त्याच संध्याकाळी विचारलं, "काकू, आई असती तर काय म्हणाली असती?"

मी म्हणाले, "बघते, आठवून सांगते." जसं काही तुमचं उत्तर मी कुठल्या फडताळात ठेवलं आहे आणि हात घातला की सापडणार आहे.

शोधायला लागले. कुठल्या विहीणबाईंना विचारू? एक म्हणाली होती, 'माझ्या लेकीवर प्रयोग नगंत,' आणि तोंड खिडकीकडं वळवून बसली होती. दुसरी म्हणाली होती, 'सांगाया पायजे,' आणि त्या अभ्यासातलं एक अक्षर खोटं राहू नये म्हणून दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेऊन खाटाखाटांवरून फिरली होती. मधे फक्त दोन रात्री गेल्या होत्या. तेवढ्यात तुमच्या मनात काय झालं? 'फक्त आम्हाला सांगा' हे डॉक्टरांचं बोलणं ऐकून, इथं आपल्याला कुणी फसवत नाही, असं वाटलं का? की शीतलनं हात सोडवून घेतला तेव्हा काही वाटलं? की तुम्हाला अभ्यासाचं काही नव्हतंच, तुम्हाला फक्त खोटं चालत नव्हतं? पहिलं असेल तर पल्लवीला तुम्ही हो म्हणाल. शेवटचं असेल तर कदाचित नाही म्हणाल, आणि शिवाय खरंखुरं नाही म्हणाल.

व्याह्यांना विचारलं. ते म्हणाले, "तिनं मला कवा काय सांगितलं न्हाई. मी कवा इचारलं न्हाई." आणि तांब्याकडं बघत राहिले. शीतल आणि संतोष आता साताऱ्याला राहतात; शीतलला फोन केला, तर ती म्हणाली, "आई, तुमीच बघा. मला तर आईचा नुसता आवाज आठवला तरी रडू येतंय." जावई म्हणाले, डॉक्टर म्हणतील तसं. एकेकाळी मला सगळंच कळत होतं, तेव्हा कुणी विचारत नव्हतं. आता काही कळेनासं झालं तर सगळे माझ्याकडं बघतात.

दोन रात्री नीट झोप नाही. मग काल दुपारी मी ठरवलं, उत्तर सापडत नाही तर बनवून द्यावं. पोरीच्या जिवाला तेवढाच थारा. वाईट काय त्यात? नकला करण्यात तर मी पहिल्यापासून पटाईत. तुमची नक्कल तर मी तुमच्या तोंडावर करायचे.

पल्लवी सोप्यात पाय सोडून बसली होती. पायांवर सूज आली आहे, म्हणून पाय पाटावर. मी समोर बसले, पदर तुमच्यासारखा दोन्ही खांद्यांवरून घेतला, मान जराशी तिरकी केली आणि तुमचा आवाज काढला, "कर की गं सही. बाकीच्या बायकांचं भलं होतंय, आपलं काय जातंय त्यात!"

पोरगी हसली. मनापासून हसली, पोट धरून. मग हसता हसता थांबली आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "'आपलं काय जातंय' हे तुमचं हाय, काकू. आई असं कवाच म्हणत नव्हती."

पकडली गेले. टाकीमागं जायला इथं टाकीही नव्हती. मी पदर सारखा केला. म्हणाले, "व्हय गं. माझंच हाय. खरं सांगू? तुझी आई काय म्हणाली असती, ते मला ठाऊक न्हाई. दोन दिस शोधतेय. एकदा वाटतंय हो म्हणाली असती, एकदा वाटतंय नगं म्हणाली असती. तेरा वर्षं भांडले मी तिच्यासंगं, आन् मला ती ठाऊकच न्हाई."

बोलून टाकलं आणि मला रडू फुटलं. जिला आधार द्यायला आले, तिच्याच पुढं बसून रडले, विहीणबाई. तुम्हाला पोचवायला आले होते तेव्हा लोकांना दिसावं म्हणून रडले होते. हे तसं नव्हतं.

पल्लवीनं मला रडू दिलं. पाय पाटावरून खाली घेतले, जड अंगानं माझ्याकडं सरकली, आणि सोमवारी दवाखान्यात काय सांगायचं ते तिनं मला सांगितलं. तिचं बोलणं जसं होतं तसंच लिहिते, माझा एकही शब्द त्यात घालत नाही:

"आई काय म्हणाली असती, ते आता कुणालाच कळायचं न्हाई, काकू. मी हो म्हणणार हाय. डॉक्टरीणबाईंस्नी परत एकदा सगळं इचारून घेतलंय मी. तुमाला भ्या वाटत असंल तर माझ्यापासनं लपवू नगासा. मलाबी वाटतंय. दोघी मिळून भिऊ."